बोटीने अटलांटिक: साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क कोणी गेलंय का?

दूरध्वनी | मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

लेक न्यू जर्सीला, भाचा लंडनजवळ. पुढच्या मे-जूनमध्ये दोघांकडे जायचं चाललंय. हिचे गुडघे आता विमानात आठ-आठ तास बसू देत नाहीत. मुंबई-लंडन कसंबसं काढू म्हणते, पण लगेच पुढचं नको. हिनेच कुठेतरी वाचलं की लंडनच्या बाजूने न्यूयॉर्कला अजून बोट जाते. मी आधी हसलो. मग शोधलं तर खरंच जाते, क्वीन मेरी २, सात रात्री.

इथल्या दोन प्रवासवाल्यांना विचारून आलो. एकाने अलास्काची सहल गळ्यात मारायचा प्रयत्न केला, दुसरा म्हणाला, "काका, ती टायटॅनिकवाली का?" म्हणून इथे विचारतोय. व्हिसा, बोट लागणं, शाकाहारी जेवण (ही शुद्ध शाकाहारी, मी मंगळवार सोडून सगळं), कपडे आणि खोली कुठली घ्यावी, जे माहीत असेल ते सांगा.


तिरकस_पुणेकर | मंगळवार, रात्री ९.५८

विमान सात-आठ तासांत पोचवतं तिथे सात दिवस? संध्याकाळी सातला चांदणी चौक ओलांडायची सवय असलेल्यांनाच हे सुचू शकतं. हघ्या (हलके घ्या).


आलेपाक | मंगळवार, रात्री १०.१२

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्या आईबाबांच्याही मनात आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.


भटकी_मावशी | बुधवार, सकाळी ११.१५

दूरध्वनी, आम्ही मागच्या ऑक्टोबरात गेलो होतो. आम्ही दोघं आणि सासूबाई, वय ७८. जाताना बोट, येताना विमान. जरा सविस्तर लिहिते.

ही सहल नाही, हे सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करा. साउदॅम्प्टन सोडलं की थेट ब्रुकलिन. मध्ये एकही बंदर नाही, उतरून फोटो नाहीत, आठवणीच्या वस्तू घ्यायला बाजार नाहीत. चारही बाजूंना पाणी, तेही बहुतेक वेळा निळं नाही, करडं. आमच्या टेबलावरचं एक जोडपं तिसऱ्या दिवसापासून "आता काय करायचं" विचारायला लागलं होतं. तुमच्या घरी दुपारी पुस्तक घेऊन बसणारं माणूस असेल तर मात्र स्वर्ग. बोटीवरचं ग्रंथालय एवढं मोठं आहे की सासूबाईंनी आधी तिथलं कपाटांचं लाकूडच हात लावून बघितलं. तारांगण आहे, व्याख्यानं असतात, दुपारी साडेतीनला पांढरे हातमोजे घातलेले वाढपी चहा आणि काकडीची सँडविचेस घेऊन फिरतात. चहा मात्र आपल्यासारखा उकळलेला मिळेल ही आशा सोडा. खोलीत किटली असते, आम्ही पुण्याहून चहाचा मसाला नेला होता.

स्वतःची किटली, इस्त्री, अगरबत्ती, निरांजन यातलं काही नेऊ नका. आगीच्या भीतीने बोटीवर बंदी आहे, सापडलं तर काढून घेतात आणि उतरताना परत देतात. सासूबाईंनी सात दिवस नुसता हात जोडून नमस्कार केला. इस्त्री करायला आणि कपडे धुवायला सार्वजनिक खोल्या आहेत, त्याचे पैसे नाहीत. सकाळी नऊला तिथे यंत्रासाठी जी रांग लागते आणि जे टोमणे चालतात ते ऐकून मला सोसायटीतल्या पाण्याच्या टँकरची आठवण झाली.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे घड्याळ. पश्चिमेकडे जाताना सात रात्रींपैकी पाच रात्री घड्याळ एक-एक तास मागे करतात. म्हणजे पाच दिवस पंचवीस तासांचे. न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा शरीराला काही कळलंच नाही. विमानाने परत आल्यावर मी आठवडाभर रात्री तीनला भांडी लावत होते. उलट दिशेने, म्हणजे न्यूयॉर्कहून इंग्लंडला, दिवस तेवीस तासांचे होतात. तुम्ही लंडनकडून निघताय ते उत्तम.

पण सासूबाई इन्सुलिन घेतात. पंचवीस तासांच्या दिवसात इंजेक्शनची वेळ कशी सरकवायची हे डॉक्टरांकडून तारखेनुसार कागदावर लिहून घेतलं होतं. गोळ्या घेणाऱ्यांनीही घ्या. आणि औषधं हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात देता त्या खोलीत यायला संध्याकाळ होते.

बाकीचं रात्री लिहिते, कुकर झालाय.


बोटवाला_निवृत्त | बुधवार, दुपारी १.३०

मी ३१ वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला काढली, मालवाहू जहाजांवर. या बोटीवर प्रवासी म्हणून एकदा गेलो, २०१८ साली. खोलीबद्दल मी सांगतो.

जहाज मुख्यतः दोन प्रकारे हलतं. डावी-उजवीकडे झुकतं ते रोलिंग. त्याला आवर घालायला बाजूंना माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात, या बोटीला चार आहेत. पुढचं टोक वर-खाली होतं ते पिचिंग. त्याला स्टॅबिलायझर काही करू शकत नाही. शाळेच्या बागेतला सी-सॉ आठवा, मधल्या खुंटीवर बसलेल्याला काही होत नाही. म्हणून खोली घ्यायची ती लांबीच्या मधोमध आणि जमेल तेवढ्या खालच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर, अगदी पुढे, महागडी खोली घेऊन आठ दिवस उलट्या करणारे लोक मी पाहिलेत.

बाल्कनी हवीच असेल तर ४, ५, ६ या डेकवरच्या बाल्कन्या जहाजाच्या पोलादी भिंतीतच कोरलेल्या आहेत. वारा कमी लागतो, पण बसल्यावर समोर पोलाद, समुद्र बघायला उभं राहावं लागतं. आठव्या डेकवर काही खोल्यांसमोर लाइफबोटी टांगलेल्या आहेत. पैसे भरण्याआधी डेकचा नकाशा मागा आणि खोलीचा नंबर स्वतः त्यावर बघा. "सी व्ह्यू आहे हो काका" यावर विश्वास ठेवू नका.

आणि तिरकस_पुणेकर, ही क्रूझची बोट नव्हे, लायनर आहे, म्हणजे ठरलेल्या मार्गाने समुद्र ओलांडणारी. फरक आहे. पुढचं नाक लांब आणि निमुळतं, पत्रा जाड, पाण्याखाली साधारण १० मीटर, लाइफबोटी नेहमीपेक्षा बऱ्याच वर, कारण उत्तर अटलांटिकची लाट तिथवर येऊ शकते. ३४५ मीटर लांब. ३० नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पळू शकते पण रोज वीस-बावीसनेच चालवतात. उरलेली ताकद हवा बिघडली की वळसा घालून वेळ भरून काढायला राखीव. १९५२ साली 'युनायटेड स्टेट्स' या बोटीने साडेतीन दिवसांत अटलांटिक पार केला होता. आता तेवढं तेल कोण जाळणार, आणि घाई असलेला माणूस विमानात बसतो.


तिरकस_पुणेकर | बुधवार, दुपारी १.५२

शरणागती. बरं, डावीकडची खोली की उजवीकडची? 'पॉश' हा शब्द त्यावरूनच आलाय म्हणे. हिंदुस्थानात येताना साहेब लोक डावी बाजू घ्यायचे, जाताना उजवी, सावलीसाठी. तिकिटावर तसा शिक्का मारायचे.


बोटवाला_निवृत्त | बुधवार, दुपारी २.०५

गोष्ट छान आहे, पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. सूर्याचं गणित मात्र बरोबर. पश्चिमेला जाताना दक्षिण डाव्या हाताला, म्हणून ऊन डाव्या बाजूला. अटलांटिकवर सावली नको, ऊनच हवं असतं. मे महिन्यातही डेकवर स्वेटर लागेल. दूरध्वनी, डावी बाजू घ्या.


शिक्का_पासपोर्ट | बुधवार, संध्याकाळी ६.२०

व्हिसाबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण इथे लोक हमखास फसतात.

भारतीय पासपोर्टवर दोन्ही लागतात: ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा आणि अमेरिकेचा बी१/बी२ (भेटीचा व्हिसा). "अमेरिकेचा व्हिसा आहे ना, मग लंडनला ट्रान्झिट चालतं" असं तुम्हाला चार जण सांगतील. ती सवलत विमानाने येऊन विमानानेच पुढे जाणाऱ्यांना आहे. बोटीने निघणाऱ्याला ती लागूच होत नाही. तुम्ही भाच्याकडे राहणार म्हणजे तसाही व्हिजिटर व्हिसा हवाच, पण इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो. काही फेऱ्या हॅम्बुर्गहून सुरू होतात, तिथून चढायचं तर युरोपचा शेंगेन व्हिसा वेगळा.

अमेरिकेच्या मुलाखतीच्या तारखा कधी कधी फार लांबच्या मिळतात. आधी तो व्हिसा हातात घ्या, मग बोटीचे पैसे भरा. उलट केलं की रद्द करण्याचे पैसे जातात. इथल्या एजंटमार्फत बुकिंग केलंत तर टीसीएस (एजंट आधीच घेतो तो कर) कापला जाईल, तो विवरणपत्रात वळता करून घ्यायला विसरू नका.

आणि ब्रुकलिनला उतरल्यावर इमिग्रेशन-कस्टम विमानतळासारखंच. लाडू, चिवडा, मसाले असतील तर विचारल्यावर सांगून टाकायचं. ताजी फळं नाहीत. बोटीवर नाश्त्याला उचललेलं सफरचंदसुद्धा पिशवीत घालून खाली न्यायचं नाही. कुत्री हुंगतात.


आलेपाक | बुधवार, संध्याकाळी ७.०१

सॉरी, पण बोट लागते त्याचं काय? आईला तर ताम्हिणी घाटातही होतं.


भटकी_मावशी | बुधवार, रात्री ९.३०

आले. तुझ्या आयडीतच उत्तर आहे गं. आलेपाक! मी पाव किलो नेला होता आणि चौथ्या दिवशी शेजारच्या खोलीतली स्कॉटिश आजी दार वाजवून मागायला आली.

खरं सांगायचं तर आम्हाला दोन रात्री हवा वाईट लागली. बाहेरच्या डेकची दारं बंद केली, तरणतलावातलं पाणी कडेवरून उसळत होतं, कपाटातले हँगर रात्रभर टकटक करत होते. मी त्या हँगरांना मोजे गुंडाळले तेव्हा झोप लागली. आमच्या ह्यांना त्रास झाला, मला आणि सासूबाईंना नाही. गोळी (आपल्याकडे ॲवोमिन मिळते) उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, आधी घ्यावी लागते, आणि झोप येते. डॉक्टरांना विचारूनच, रक्तदाबाच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर नक्की. पोट रिकामं ठेवायचं नाही, कोरडं काहीतरी खात राहायचं. वाढप्याने आपणहून हिरवं सफरचंद आणि बिस्किटं आणून दिली. आणि खोलीत पडून फोन बघायचा नाही. बाहेर क्षितिजाकडे बघायचं.

मे-जूनमध्ये समुद्र बराच शांत असतो म्हणतात, बोटवाला सांगतीलच.

जेवण: बुकिंग करतानाच शाकाहारी लिहायला सांगा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला भेटा. आमचा मडगावचा निघाला. त्याने दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंना वरण-भात सुरू केला, वर विचारलं, "आजी, तूप?" मुख्य जेवणघरात दोन पंगती असतात, एक सहाच्या सुमाराला, दुसरी साडेआठच्या. आम्ही दुसरी घेतली होती, त्याची गंमत पुढे सांगते. पंगत चुकली तर किंग्ज कोर्ट नावाचा बुफे उशिरापर्यंत उघडा असतो.

कपडे: संध्याकाळी सहानंतर बोटीवर सगळे नीटनेटके, पुरुषांना कोट. सात रात्रींत दोन रात्री एकदम थाट असतो, टक्सिडो वगैरे. ते भाड्याने आणायची गरज नाही, आपला राष्ट्रीय पोशाख चालतो. ह्यांनी बंदगळा घातला, मी पैठणी. सासूबाईंच्या जुन्या इरकलीला सगळ्यात जास्त विचारणा झाली. ज्यांना हे नको त्यांनी बुफेत आणि पबमध्ये साध्या कपड्यात बसावं, कोणी उठवत नाही.


तिरकस_पुणेकर | बुधवार, रात्री ९.४४

दुसऱ्या पंगतीची गंमत?


भटकी_मावशी | बुधवार, रात्री १०.२०

पाचव्या दिवशी संकष्टी आली. सासूबाईंचा उपास. आता चंद्रोदय पुण्याचा धरायचा, लंडनचा, की बोटीचा? कॅलेंडरमध्ये पुण्याची वेळ, बोटीचं घड्याळ रोज सरकतंय, आणि पुण्यात तेव्हा पहाट. सासूबाई म्हणाल्या, "मी जिथे आहे तिथे दिसेल तो माझा चंद्र." बोट पश्चिमेला चाललेली, म्हणजे चंद्र मागच्या टोकाला उगवणार. सातव्या डेकवरून पूर्ण बोटीला फेरी मारता येते, तीन फेऱ्यांना साधारण पावणेदोन किलोमीटर. तिथे मागे जाऊन दोन शाली पांघरून उभ्या राहिलो. नुसते ढग. साडेआठची पंगत बसली, आम्ही वारा खातोय. शेवटी पावणेदहाला ढग फाटले आणि बोटीने मागे सोडलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर बरोबर चंद्र आला. सासूबाईंनी तळहातावर बाटलीतलं पाणी घेऊन अर्घ्य दिलं. वाऱ्याने ते सगळं माझ्या तोंडावर.

त्या मडगावच्या मुलाने ताट झाकून ठेवलं होतं.


कर्वेरोडवाली | गुरुवार, सकाळी ८.१०

मावशी, क्या बात है!

अवांतर: आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. वय १८, सोबत घरचं कोणी नाही, आणि शाकाहारी. मार्च १८८६ ला त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून हाच अटलांटिक ओलांडून गेल्या, तेही थंडीत, स्टॅबिलायझर नसलेल्या बोटीतून. त्या दोघींना तूप कोणी विचारलं असेल?


बोटवाला_निवृत्त | गुरुवार, सकाळी ९.००

हवेबद्दल. उत्तर अटलांटिक सगळ्यात वाईट नोव्हेंबर ते मार्च. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम, पण ती बहुतेक दक्षिणेला असतात आणि कप्तान वळसा घालतो. मे-जून चांगले, फक्त धुकं. न्यूफाउंडलंडच्या खाली लॅब्राडॉरचा गार प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा गरम प्रवाह एकमेकांना भेटतात, तिथे धुकं साचतं. मग रात्रभर भोंगा वाजतो. घाबरू नका, नियम आहे. या बोटीवरचा एक भोंगा मूळच्या क्वीन मेरीवरून आणलेला आहे. कानात बोळे घालून झोपा.

निघण्याआधी लाइफजॅकेटची कवायत असते. कंटाळा करू नका. मी आयुष्यभर केली.

आणि विमा. बोटीवर डॉक्टर आहे, दवाखाना आहे, पण बिल डॉलरमध्ये खात्याला लागतं. समुद्राच्या मध्यावर असताना किनाऱ्यावरचं हेलिकॉप्टर पोचू शकत नाही. हृदयाचा त्रास असेल तर हे लक्षात घेऊन ठरवा. विमा घेताना समुद्रप्रवास आणि आणीबाणीत हलवण्याचा खर्च यात आहे का, हे लेखी घ्या.

फोन बोटीवर पाय ठेवताच फ्लाइट मोडला. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला चिकटतो आणि बिल महिन्याने येतं. वायफायचे वेगळे पैसे.


दूरध्वनी | गुरुवार, दुपारी १२.२५

सगळ्यांचे मनापासून आभार. हिला संकष्टीचं वाचून दाखवलं, ती आता माझं काही ऐकणार नाही.

दोन शंका राहिल्या. लंडनला किती दिवस आधी पोचावं? आणि उतरायच्या दिवशी लेकीने किती वाजता घ्यायला यावं?


भटकी_मावशी | गुरुवार, दुपारी ३.४०

किमान एक रात्र साउदॅम्प्टनलाच काढा. विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही, आणि पुढच्या बंदरावर गाठू म्हणावं तर पुढचं बंदर न्यूयॉर्क! लंडनच्या वॉटर्लूहून रेल्वेने सव्वा-दीड तास. तिथे बोटींची टर्मिनलं बरीच आहेत, तुमच्या तिकिटावर कुठलं लिहिलंय ते बघूनच टॅक्सीत बसा.

लेकीला दहाच्या सुमाराला बोलवा. ब्रुकलिनच्या त्या धक्क्याजवळ मेट्रो नाही, गाडीच लागते. पण तुम्ही पहाटे चारला उठायचं. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरच्या वेराझानो पुलाखालून बोट जाते तेव्हा धुरांडं आणि पूल यात चारेक मीटरच उरतात. खालून बघताना धडकणार असंच वाटतं, सगळे डेकवरचे लोक नकळत मान खाली घालतात. मग अंधारात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा.

आता आमच्या घरची लाज सांगते. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, त्या रात्रीतून नेतात आणि सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. ह्यांनी अकरा वाजता सगळं शिस्तीत भरलं आणि बाहेर ठेवलं. सगळं. पहाटे चारला कळलं की पँट एकही नाही. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, आणि कपाटात विसरलेला बंदगळा. त्याच वेषात ह्यांनी स्वातंत्र्यदेवी पाहिली आणि त्याच वेषात अमेरिकेत प्रवेश केला. इमिग्रेशनवाल्याने पासपोर्ट पाहिला, पायजमा पाहिला, परत पासपोर्ट पाहिला.


तिरकस_पुणेकर | गुरुवार, दुपारी ३.४८

राष्ट्रीय पोशाख चालतो म्हणालात ना.


दूरध्वनी | रविवार, संध्याकाळी ७.१५

अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख घेतली. खोली ठरवून ठेवली आहे: पाचवा डेक, मधोमध, डावी बाजू. नकाशा मागितला तेव्हा पोऱ्या जरा चमकला.

मे महिन्यात संकष्टी कधी आहे ते ही बघतेय. आलेपाक किती घेऊ?


भटकी_मावशी | रविवार, रात्री ८.०२

अर्धा किलो. शेजारीपाजारी धरून. आणि एक पँट हातातल्या पिशवीत.